गावाकडच्या बाईचं दुखणं आणि दवाखाना: पुणे जिल्ह्यातून नेहमी येणारे प्रश्न

भोर, वेल्हे (आता राजगड), मुळशी, मावळ, आंबेगाव, जुन्नर, पुरंदर इथल्या बायका, त्यांच्या घरची माणसं, आशाताई आणि नोकरीसाठी पुण्या-पिंपरीत राहणारी त्यांची मुलं-मुली हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. इथली उत्तरं डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाहीत. दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायचं कसं आणि तिथून काम करून घेऊन परतायचं कसं, एवढाच या पानाचा विषय आहे.

पुणे जिल्ह्यात दवाखान्यांची काय कमी? तरी बायका वेळेत का पोचत नाहीत?

कागदावर व्यवस्था अशी आहे: सपाट भागात दर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी भागात दर ३,००० ला, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० ला (डोंगरी भागात २०,०००) आणि त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय. पण घाटमाथ्यावर ३,००० माणसं म्हणजे डोंगरभर विखुरलेल्या दहा-बारा वाड्या. पानशेतच्या पाण्यामागचं गाव नकाशावर जवळ दिसतं, रस्ता मात्र धरणाला वळसा घालून जातो. पावसाळ्यात दरड आली की तोही नाही.

तरीही अंतर ही एकच अडचण आहे असं मानू नका. ओपीडीची मुख्य वेळ सकाळची. पाणी भरणं, डेअरीला दूध घालणं, भाकऱ्या, मग भांगलणीला जाणं, हे सगळं नेमकं त्याच वेळेत. दवाखान्यात गेलं तर दिवसाचा रोज बुडतो, आणि तो बुडवायचा की नाही हे बहुधा ती स्वतः ठरवत नाही. सोबत कोण येणार, पैसे कोणाच्या खिशात आहेत, फोन कोणाकडे आहे, या तीन प्रश्नांवरच बरेचदा सकाळ निघून जाते. घरातला एकुलता फोन नवऱ्याबरोबर चाकण किंवा रांजणगावच्या शिफ्टला गेलेला असतो.

माता-मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये यालाच तीन उशीर म्हटलं: निर्णयाला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला. आपल्याकडच्या बहुतेक योजना दुसऱ्या उशिरावर आहेत, म्हणजे गाडी, रस्ता, भाडं यांवर. पहिला उशीर चुलीपाशी होतो आणि तिथे सरकारी गाडी पोचत नाही.

महाराष्ट्राचा माता-मृत्यूदर २०१८-२० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. आकडा चांगला आहे यात वाद नाही. पण तो सगळ्या राज्याचा आहे. केळद किंवा आहुपेसारख्या गावाचं त्यात काही दिसत नाही.

आई अंगावर काढते, काही सांगतच नाही. विचारायचं कसं?

'काही त्रास आहे का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' हेच येणार. नेमकं विचारा, तिच्या शब्दांत, आणि मुलानं नव्हे तर मुलीनं किंवा सुनेनं: अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का? शिंकताना-खोकताना लघवी होते का? बसलं की खाली काही उतरल्यासारखं वाटतं का? पाळी बंद झाल्यावर पुन्हा कधी लाल दिसलं का?

ही लपवाछपवी एकट्या तुमच्या घरची नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण, एवढंच यंत्रणा धरून चालली होती. ती सवय अजून पुरती गेलेली नाही. बाळंतपणाचं वय उलटलेल्या बाईचं नाव आशाताईच्या वहीत क्वचितच सापडतं.

पुढची लक्षणं दिसली तर 'बघू दिवाळीनंतर' चालणार नाही: पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर झालेला कोणताही रक्तस्राव (एकदाच, थोडासा झाला तरी), संबंधानंतर रक्त जाणं, दुर्गंधीयुक्त स्राव आणि त्याबरोबर ताप किंवा ओटीपोटात दुखणं, स्तनातली गाठ.

डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी नर्सबाई किंवा आपली बाई सोबत हवी असं स्पष्ट सांगा. तो हक्क आहे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ रोज असतीलच असं नाही; कोणत्या वारी असतात हे नर्सबाईंना आधी फोन करून विचारा. न विचारता गेल्यामुळे एक रोज आणि एक हेलपाटा वाया जातो, आणि त्यानंतर ती बाई पुन्हा निघत नाही. आमच्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच.

'अंग बाहेर येतं' किंवा 'पांढरं जातं' म्हणून गर्भपिशवी काढायला सांगितली आहे. काढावी का?

थांबा आणि आधी विचारा. पांढरं जाणं हे पुष्कळदा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि तसं असेल तर गोळ्यांनी बरं होतं. लैंगिक संबंधांतून पसरणारा संसर्ग निघाला तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तो घेत नाही, म्हणून महिन्याभरात दुखणं परत येतं आणि बाईला वाटतं, औषध लागू पडत नाही, पिशवीच खराब आहे.

अंग बाहेर येण्याच्या पायऱ्या असतात. सुरुवातीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम पुरतो: लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो, ते पाच-दहा सेकंद आवळून धरायचे, मग सैल सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. स्नायू ओळखू येईपर्यंतच लघवी रोखून पाहावी. रोज रोखण्याची सवय लावू नये. सोबत बद्धकोष्ठता आणि जुना खोकला यांवर उपचार हवेत आणि हंडा-कळशी, वैरणीचा भारा हे ओझं कमी व्हायला हवं. सल्ल्यातला सगळ्यांत अवघड भाग हाच, कारण तो बाईच्या एकटीच्या हातात नसतो. पुढच्या पायरीला आत बसवायची रिंग मिळते. अंग पूर्ण बाहेर राहत असेल, जखमा होत असतील, लघवी अडत असेल तर शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते.

'पिशवी सडली आहे', 'उद्या कॅन्सर होईल' या वाक्यांवर सही करू नका. कोणत्या तपासणीवरून हे म्हणता, असं विचारा. गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, गरज असेल तर तुकडा तपासायला पाठवला का, सोनोग्राफीच्या कागदावर नेमकं काय लिहिलं आहे? तो कागद घेऊन औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून किंवा पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथे दुसरं मत घ्या. शस्त्रक्रियेची खरी घाई असते ती रक्तस्राव थांबतच नसेल तेव्हा. बाकी बहुतेक वेळा दोन आठवडे थांबल्यानं काही बिघडत नाही.

बीजकोशही काढले तर पाळी त्याच दिवशी संपते. चाळिशीच्या आत असं झालं की हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा येतात, झोप जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं, चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचे दिवस म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, हा हिशेब त्यामागे होता.

आमच्याकडे कारखान्यावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यातल्या गरोदर बायकांची नोंद कोण करणार?

ज्या गावच्या शिवारात टोळी उतरली आहे, तिथली आशाताई आणि नर्सबाई. माळेगाव, सोमेश्वर, विघ्नहर, भीमाशंकर या कारखान्यांच्या पट्ट्यात हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे नोव्हेंबरात पाचवा महिना असलेली बाई इथेच, कोपीत (टोळीच्या झोपडीत) बाळंत होणार. नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला असतो. उचल (आगाऊ मजुरी) आधीच घेतलेली, ती फिटायची असते. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा दोघांच्या नावावर पडतो.

कागदोपत्री अडचण नाही. तपासणी, लस, गोळ्या, अंगणवाडीचा आहार यांसाठी रहिवासी दाखला लागत नाही. 'तुमचं नाव तुमच्या गावाला आहे, तिकडे जा' हे उत्तर चुकीचं आहे. गावाकडून निघताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यायचं. त्यावरच्या आरसीएच नंबरवरून (माता-बाल आरोग्य नोंदणीचा क्रमांक) आधीची नोंद सापडते. कार्ड मागे राहिलं असेल तर गावच्या नर्सबाईंकडून फोनवर नंबर मागवा, आणि तोही नसेल तर नवीन नोंद करा. नोंदीच्या वादात तपासणी अडवू नये.

प्रत्यक्षात उपयोगी पडतं ते टोळीच्या मुकादमाशी बोलून एक ठराविक संध्याकाळ ठरवणं आणि नर्सबाईंनी कोप्यांवर जाणं. पहाटे फडात गेलेली बाई सकाळच्या ओपीडीला येणार नाही, कितीही समजावलं तरी.

दिवस गेल्याचं कळलं. सगळ्यांत आधी काय करायचं?

बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. 'तीन महिने कुणाला सांगू नये' ही पद्धत पाळायची तर शेजारणींना सांगू नका, नर्सबाईला सांगा. पहिल्या खेपेला रक्त (हिमोग्लोबिन, गट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस), लघवी, वजन आणि रक्तदाब बघतात. केंद्रावर घेतलेले नमुने महालॅबमार्फत मोफत तपासले जातात. अहवाल मागून घ्या आणि कार्डाला टाचून ठेवा.

किमान चार तपासण्या धरा: बारा आठवड्यांच्या आत, १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. त्यातली एक तरी डॉक्टरांकडून हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी गर्दी असते, पण डॉक्टर भेटण्याची खात्रीही जास्त. दोष पाहण्याची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करून घ्या. ती २४ व्या आठवड्यात केली आणि काही निघालं, तर पुढचे कायदेशीर मार्ग अरुंद झालेले असतात.

आणखी एक गाठ, जी आपल्याकडे नेहमी पडते: सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते. नोंद सासरी मुळशीत, बाळंतपण माहेरी इंदापुरात. सासरची आशाताई समजते ती तिकडे गेली, माहेरच्या आशाताईला माहीतच नसतं. नेमक्या त्याच तीन महिन्यांत रक्तदाब वाढण्याची भीती जास्त. निघण्याआधी कार्ड, सगळे अहवाल आणि गोळ्या बॅगेत टाका, माहेरच्या आशाताईचा नंबर मिळवा आणि पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथे तपासणी करा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला तर सूज नसली तरी डॉक्टर हवेत. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, बाळाची हालचाल कमी होणं, पाणी जाणं, लाल दिसणं: यांतलं काहीही असलं तर त्याच दिवशी.

लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं. शिवाय सासूबाई म्हणतात, बाळ काळं होतं.

बाळाचा रंग गोळीनं बदलत नाही. काळी होते ती शौच, आणि ते गोळी पोटात जात असल्याचं लक्षण आहे. 'बाळ मोठं होऊन अडेल' हीही भीतीच. खरी भीती उलट्या बाजूची आहे: रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला साधा रक्तस्रावही झेपत नाही.

गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त ठीक असेल तर चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सौम्य-मध्यम रक्तक्षय असेल तर रोज दोन, आणि दर महिन्याला पुन्हा तपासणी. महिन्यात एक ग्रॅमनंही वाढ झाली नाही तर गोळ्या वाढवत बसू नये, कारण शोधावं. ७ च्या खाली असेल तर केंद्रावर वेळ घालवू नका, रुग्णालयात शिरेतून लोह किंवा रक्त द्यावं लागतं.

गोळ्या खाऊनही रक्त का वाढत नाही? पहिला गुन्हेगार चहा. गोळी आणि चहा यांत निदान एक-दोन तास हवेत. दुसरा कॅल्शियम: दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर कॅल्शियम आणि रात्री झोपताना लोह, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, असं बसवलं की मळमळही झोपेत निघून जाते. तिसरा जंत, अनवाणी शेतात काम करणाऱ्यांत ते बरेचदा असतात. चौथ्या महिन्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. आणि चौथं कारण म्हणजे गोळ्या डब्यात तशाच आहेत. रागावू नका, मोजून बघा. गोळ्या लहान पोरांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. लाल गोळ्या गोड समजून खाल्लेल्या मुलाला लोहाची विषबाधा होऊ शकते.

खजूर, गूळ, पालेभाजी, नाचणी खावी. पण ८ वर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या गूळ-शेंगदाण्यानं ११ होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात ती पालेभाजी कितपत उरते, तेही बघा.

रात्री कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन करायचा की १०२ ला?

जिवावरचं काही असेल, म्हणजे रक्तस्राव, झटके, बेशुद्धी, बाळाचा हात किंवा नाळ बाहेर येणं, तर १०८. त्या गाडीत डॉक्टर असतात. साध्या कळा, ठरलेली भरती, एका रुग्णालयातून दुसऱ्यात किंवा बाळंतीण घरी सोडणं यासाठी १०२. एक लागला नाही तर दुसरा लावा. नियमावर अडून बसू नका.

फोनवर सांगायचं ते आधी कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा: गाव, वाडी, तालुका, जवळचा फाटा, ठळक खूण (मंदिर, शाळा, टाकी), गाडी कुठपर्यंत येते, कितवा महिना, आधी सिझर झालं आहे का. फोन लावलेला नंबर मोकळा ठेवा, कारण चालक परत फोन करतो. फाट्यावर बॅटरी घेऊन एक माणूस उभा करा. वाडीत रेंज नसेल तर रेंजची जागा कोणती, तिथे रात्री कोण जाणार, हे आठव्या महिन्यातच ठरवा. गावातल्या दोन खासगी जीपवाल्यांचे नंबरही तिथेच लिहा.

वाहन येत नाही अशा वाडीतल्या बाईनं तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे येऊन राहणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. पावसाळ्यात तर दुसरा नाहीच. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. झोळी किंवा डालग्यातून उतरायलाच तेवढा वेळ जातो.

सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला खरंच पैसे लागत नाहीत?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११ पासून) साधं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (साध्याला तीन दिवस, सिझरला सात), नेणं-आणणं सगळं मोफत. आजारी बाळाचे उपचारही वर्षापर्यंत. इथे पिवळं-केशरी कार्ड बघत नाहीत. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा मोफत आहे. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, म्हणून तिथे इतर आजारांसाठी काही शुल्क लागू शकतं. बायकांना हा फरक माहीत नसतो आणि खिडकीवर वाद होतो.

'हे इंजेक्शन बाहेरून आणा' असं सांगितलं तर चिठ्ठी शिक्क्यासह लेखी मागा आणि बिल जपून ठेवा. लेखी मागितलं की पुष्कळदा औषध आतच सापडतं.

खासगी किंवा मोठ्या रुग्णालयात जावं लागलं तर?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि जुलै २०२४ पासून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली. मात्र सगळे आजार आणि सगळी रुग्णालयं त्यात नाहीत. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचं काम बघणारा माणूस) बसतो. भरती झाल्याच दिवशी शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन त्याला गाठा. उपचाराची मंजुरी आधी घ्यावी लागते. शस्त्रक्रिया उरकून, बिल भरून मग योजना विचारली तर पैसे परत मिळत नाहीत, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. चौकशीसाठी १५५३८८.

पुण्यात धर्मादाय रुग्णालयं भरपूर आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो भरती झाल्यावर काढायला आठवडा जातो, म्हणून आताच काढून ठेवा. दारावरच्या बिलिंग खिडकीवर नव्हे, वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज करा.

मातृवंदनेचे पैसे आलेच नाहीत. कुठे अडकतात?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत: नोंदणी आणि तपासणीनंतर ३,०००, जन्मनोंद आणि बाळाच्या पहिल्या लसी झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर तिच्यासाठी ६,०००, एकरकमी. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि तिथेच घोळ. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. किंवा आधार एका बँकेला जोडलेलं आणि फॉर्मवर दुसऱ्याच खात्याचा नंबर. मग पैसे जुन्या, वापरात नसलेल्या खात्यात पडून असतात. 'पैसे आलेच नाहीत' म्हणणाऱ्यांनी आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे ते विचारावं. नवऱ्याचं किंवा जोड खातं चालत नाही.

जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये (सिझरला १,५००) वेगळे. ते अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण बायकांना मिळतात.

गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का?

नाही. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं आणि ठराविक गटांतल्या बायकांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं करता येतो. अविवाहित बाईलाही हाच हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पालकांची संमती लागते.

तरीही दवाखाने सही मागतात, कारण त्यांना मागून येणाऱ्या भांडणाची धास्ती असते. त्यामुळे बायका मेडिकलमधून गोळ्या आणतात. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो हे खरं, पण नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काहीच होत नाही आणि नळी फुटून आत रक्तस्राव होतो. एका तासात दोन घड्या पूर्ण भिजल्या आणि असं सलग दोन तास चाललं तर सरळ रुग्णालय गाठा.

आणि कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला?

तिथेही नवऱ्याची सही सक्तीची नाही. पण ऑपरेशनच करायला हवं असं कुठे आहे? तांबीचे दोन प्रकार मिळतात, एक ५ वर्षांचा आणि एक १० वर्षांचा. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तिथेच बसवता येते. 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, बिनटाक्याची, त्याच दिवशी घरी सोडणारी आहे. विचारणारा नवरा मात्र क्वचितच.

घरात मारहाण होते. दवाखान्यात खरं कारण सांगितलं तर पोलीस येतील का?

उपचार आधी, पोलीस नंतर. तक्रार नोंदवल्याशिवाय उपचार नाकारता येत नाहीत. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यात खासगी रुग्णालयानंही प्रथमोपचार मोफत द्यायचे आहेत आणि पोलिसांना कळवायचं आहे. बाई तपासणीला नकार देऊ शकते, त्यामुळे उपचार थांबत नाहीत. 'पडले' असं सांगितलं की केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे न्यायालयात तोच कागद तिच्या विरुद्ध जातो. कारण खरं सांगा आणि केसपेपरची प्रत घ्या, शक्यतो घराबाहेर ठेवा. महिला मदतवाहिनी १८१, तातडीनं ११२. मन खचलं असेल, झोप उडाली असेल तर टेलीमानस १४४१६. मराठीत बोलता येतं.

तिशीनंतर काही त्रास नसतानाही तपासून घ्यायचं का?

हो. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे रक्तदाब, साखर, तोंड आणि स्तनांची तपासणी होते. गर्भाशयमुखाची तपासणी ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी. व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून बघतात, दुखत नाही, निकाल काही मिनिटांत. पाळी चालू असताना जाऊ नका, परत पाठवतील.

तक्रार कुणाकडे?

इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि अर्ज चुकीच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं: वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली, औंध. अर्जात तारीख, वेळ, हजर असलेल्यांचं पद आणि काय नाकारलं एवढं लिहा; पोच घ्या.

गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला अबंधित निधी (गरजेप्रमाणे खर्च करता येणारा) मिळतो. जीपचं भाडं द्यायला तो वापरता येतो, बहुतेक गावांना हे ठाऊकच नसतं. २००७ मध्ये राज्यात लोकाधारित देखरेख (आरोग्यसेवेवर गावच्या लोकांनीच लक्ष ठेवणं) सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होतं. जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बायकांनी उभं राहून विचारलेले प्रश्न लेखी अर्जापेक्षा लवकर हलतात.

मी पुण्यात नोकरी करतो. इथून काय करू शकतो?

आईच्या नावाचा साधा फोन आणि त्याचा रिचार्ज, आधी तेवढं करा. तिच्या हातात, तुमच्या वडिलांच्या नव्हे. तिच्या खात्याचं एटीएम किंवा घरात तिच्याजवळ रोख हजार-दोन हजार. शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला यांचे फोटो तुमच्या मोबाइलवर. आशाताई, नर्सबाई, जीपवाले यांचे नंबर दोघांकडे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण मुक्कामी गाडी पहाटे किती वाजता निघते आणि परतीची शेवटची कितीला, हे माहीत असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. त्या दोन वेळा बघूनच तपासणीचा दिवस ठरवा, आणि त्या दिवशी गुरांना पाणी कोण दाखवणार ते आदल्या रात्री फोन करून विचारा.